निजलेली तीन बोटं

रविवारी कारखाना बंद असला की धाकटी थोरलीचा उजवा हात मागायची आणि थोरली तो मुकाट्याने द्यायची. खिडकीजवळच्या कामाच्या टेबलावर हात उताणा ठेवायचा, बाही कोपराच्या वर सरकवायची, आणि मग धाकटी कोपराकडून मनगटाकडे बोटाच्या टोकाने टकटक करत खाली यायची, परक्याच्या दारावर भीतभीत वाजवावं तशी. ज्या जागी वाजवल्यावर बोटांत मुंग्या धावतील तिथपर्यंत नस वाढत आली असं समजायचं, हे हातांच्या सर्जननी शिकवलं होतं. त्या जागी धाकटी मेणाच्या निळ्या पेन्सिलीने आडवी रेघ ओढायची. पेन्सिल खरं तर काचेवर खुणा करायची, पण कातडीवरही ती बरी उमटायची आणि पुसट का होईना, आठवडाभर टिकायची.

"इथे?"

"नाही."

"इथे?"

"अं... हो. इथे आल्या बघ."

धाकटीने मान खाली घालून जुनी रेघ शोधली. नवी रेघ तिच्यावरच पडत होती. "मागच्या रविवारीही इथेच होतं, ताई. त्याच्या मागच्यालाही."

"मग नस दमली असेल. वयच झालंय तिचं."

एरवी असल्या बोलण्यावर धाकटी पोट धरून हसली असती. आता तिने फक्त पेन्सिलीचं टोक पुसलं, आणि खात्री करून घ्यावी म्हणून पुन्हा टकटक करत थेट मनगटापर्यंत आली. मनगटाच्या किंचित अलीकडे तिचं बोट पडलं आणि थोरलीच्या अंगठ्यात, त्याच्या शेजारच्या बोटात आणि मधल्या बोटात सणकन वीज गेली. थोरलीने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींबद्दल काहीतरी बोलली. निळी रेघ कधीच खोटी पडली होती, आणि ते फक्त थोरलीला माहीत होतं.

दोघी बहिणी रंगीत काचांच्या तावदानांचं काम करायच्या. वडिलांनी मांडलेला कारखाना. कारखाना म्हणजे नुसतं नाव मोठं. पुढच्या खोलीत काचा उभ्या लावून ठेवायच्या लाकडी घोड्या, मागच्या खोलीत शिशाच्या पट्ट्यांचे सांधे वितळवून जोडायचं झाळकाम, आणि वर राहायची जागा. जुन्या इमारतींच्या फुटक्या रंगीत खिडक्या यायच्या. त्या खोलायच्या, फुटलेल्या तुकड्यांच्या जागी नवे कापायचे आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवून पुन्हा एकसंध करून द्यायच्या. थोरली कापायची, धाकटी झाळायची. थोरलीने लग्न केलं नव्हतं. धाकटीने केलं होतं आणि काही वर्षांत परत आली होती. त्याला दोघी 'तो प्रकार' म्हणायच्या, आणि तो प्रकार बोलण्यात निघाला की दोघींना हसू आवरायचं नाही.

चाळिशी उलटताना थोरलीला संधिवाताने धरलं. आईलाही तो होता, आणि आईच्या आईलाही होता म्हणतात. बोटांची पेरं सुजायची, लाल व्हायची, हात लावला तर गरम लागायची. सकाळी मूठ वळेपर्यंत चहा गार व्हायचा. तरी ती कापायची. कटर तीन बोटांच्या चिमटीत धरता येईना म्हणून मुठीत धरायला लागली, आणि मुठीत धरून कापलेल्या काचेची कड कशी येते हे बघून कधीकधी मागच्या खोलीत जाऊन डोळे पुसून यायची. गोळ्या चालू होत्या. गोळ्यांनी दुखणं दबायचं, जायचं नाही.

मग ती काच पडली. एका जुन्या वाचनालयाच्या जिन्यावरची खिडकी दुरुस्तीला आली होती आणि तिच्यासाठी आणलेली मोठी काच दोघी घोडीवरून टेबलावर घेत होत्या. अशा काचेला वडिलांनी घालून दिलेला एक नियम होता. जिला हात काढायचा तिने 'सोडते' म्हणायचं आणि दुसरीने 'सोड' म्हटल्याशिवाय काढायचा नाही. त्या दिवशी धाकटी 'सोडते' म्हणाली आणि तिने सोडली. दुसऱ्या शब्दाची वाट बघायची राहून गेली. एवढंच. काच थोरलीच्या बाजूला कलली, फुटली, आणि तिचा एक लांब सुळका थोरलीच्या हातात, कोपर आणि मनगटाच्या मध्ये, आतल्या बाजूने उतरला.

सर्जननी स्नायू शिवला, नसही जोडली. पण जोडली म्हणजे चालू झाली असं नाही, असं त्यांनी बजावलं. कापल्याच्या पुढचा तुकडा मेला. आता वरून नवी नस जुन्याच वाटेने वाढत खाली येणार, नखं वाढतात त्याहून लवकर, पण तरी दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तोवर अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर. करंगळीची नस वेगळी, तिला काही झालं नव्हतं. त्यांनी हातावर टकटक करून दाखवलं आणि धाकटीने ते परीक्षेला बसल्यासारखं मन लावून पाहिलं.

पुढचा प्रकार थोरलीच्या लक्षात आला तो रबरी हातमोजा चढवताना. मोजा बोटांत अडकायचा, नेहमीच अडकायचा. त्या दिवशी तो तीन बोटांत सुळकन गेला आणि करंगळीपाशी येऊन अडला. तिने मोजा काढला आणि हात उजेडात धरला. बधिर तीन बोटांची सूज उतरली होती. लाली नाही, धग नाही, पेरांवरच्या गाठी बसलेल्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र तसंच, सुजून तट्ट. डावा हात सगळाच्या सगळा तसाच. एकाच पंजावर दोन बायकांची बोटं असावीत तसं ते दिसत होतं, आणि बघताना तिला आनंदाच्या आधी भीतीच वाटली.

तिने ते धाकटीला सांगितलं नाही. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं, तेही एकटीने जाऊन. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, एकेक पेर दाबून पाहिलं, पुन्हा चष्मा लावला आणि पुन्हा दाबून पाहिलं. असं होतं, त्या म्हणाल्या, क्वचित पण होतं. अर्धांग गेलेल्या माणसाला पुढे संधिवात झाला तर तो लुळ्या बाजूला फारसा चढत नाही, हेही पाहण्यात आलंय.

"आपल्याला वाटतं नस म्हणजे नुसती निरोप्या," बाई म्हणाल्या. "सांधा दुखला, तिने वर जाऊन सांगितलं, संपलं. तसं नसतं. तीच नस उलटीही चालते. सांध्यात तिची जी टोकं असतात ना, त्यांतून ती तिथे रसायनं सोडते. त्याने तिथल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, सूज चढते. सूज चढली की नस आणखी चिडते, आणखी सोडते. आग लागल्याची बोंब मारणाराच मागून रॉकेल ओततोय, असं समजा. तुमच्या तीन बोटांत ओतणारा सध्या जागेवर नाही."

"आणि तो परत आला की?"

बाई उगाच धीर देणाऱ्यांतल्या नव्हत्या. "सांगता येत नाही. पण मनाची तयारी ठेवा," त्या म्हणाल्या. आणि थोरलीच्या मनात काय आलं ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्यांनी लगेच पुढे जोडलं की नस मेलेली बरी असा विचार चुकूनही करू नका. दुखत नाही तो सांधा स्वतःला सांभाळत नाही. तो भाजतो, चेपतो, आतून झिजून भुगा होतो आणि मालकाला पत्ता नसतो. शिवाय संधिवात काही नुसत्या नसेवर जगत नाही, त्याची मुळं रक्तात आहेत.

थोरलीने मान हलवली. घरी येऊन तिने ती तीन बोटं गरम पाण्यात धरली. काही कळलं नाही. डावा हात पाण्याला लावला तेव्हा चटका बसला. तरी तिला त्या बोटांचा लोभ सुटेना. कित्येक वर्षांनी तिच्या हाताला न दुखणारी जागा मिळाली होती. संध्याकाळी दमून बसली की ती डाव्या हाताने त्या बोटांवरून हात फिरवत राही, जणू दुसऱ्या कुणाचं निजलेलं मूल सांभाळायला घेतलंय.

नस मात्र येत होती. भांडी घासताना हात कुठे आपटला की मुंग्या धावायच्या, आणि धावण्याची जागा दर वेळी थोडी खाली असायची. पाऊल न वाजवता कुणीतरी जिना उतरतंय आणि आपण खाली अंधारात बसून ऐकतोय, असं तिला व्हायचं. कधीकधी ती मुद्दाम टिचकी मारून बघायची, आणि मग पुन्हा मारायला नको म्हणून हात पदराखाली घ्यायची. येऊ नकोस, ती मनात म्हणायची. इतकी काय घाई आहे. आणि रविवारी धाकटीसमोर हात उताणा ठेवून जुन्या रेघेचीच जागा दाखवायची.

खोटं बोलायला काही लागत नाही. ते बोलल्यावर जे बघावं लागतं ते जड जातं. धाकटी खंगत चालली. ती जेवताना थोरलीच्या ताटातल्या भाकरीचे तुकडे करून द्यायची, तिची वेणी घालायची, आणि हे करताना तोंडातून शब्द नाही. मोठ्या काचेला तर तिने हात लावणंच सोडलं. काच द्यायला माणूस आला की ती मागच्या खोलीत निघून जायची, आणि वाचनालयाची खिडकी अर्धी खोललेली तशीच टेबलावर धूळ खात होती. एकदा थोरली जिन्यावरून उतरताना तिने पाहिलं, धाकटी एकटीच उभी राहून रिकाम्या हातांनी काच धरल्यासारखं करत होती आणि ओठ हलवत होती. सोडते. सोड. सोडते. सोड. आता सांगून टाकावं असं थोरलीच्या जिभेवर आलं, आणि तिने आपल्या तीन बारीक बोटांकडे पाहिलं, आणि ते गिळलं. माणूस किती आपमतलबी असतो ते त्याला दुखण्यात कळतं. थोरलीला कळलं होतं, आणि कळूनही ती बदलली नाही.

शेवटी धाकटीनेच सर्जनची वेळ घेतली. नस एकाच जागी अडली आहे, दुसऱ्यांदा उघडून बघा, असं ती त्यांना फोनवर म्हणाली. पुन्हा उघडतील, अडलेली म्हणून कापतील, पायातल्या नसेचा तुकडा घेऊन जोडतील, आणि पुन्हा वरून खाली यायला तेवढेच महिने. थोरली रात्रभर हा हिशेब घोळवत राहिली आणि सकाळी धाकटीबरोबर निमूट निघाली. तिला वाटलं होतं, सर्जन टकटक करून विचारतील आणि आपण नाही म्हणू.

सर्जननी तिला काही विचारलंच नाही. त्यांनी तिच्या हातावर गार पट्ट्या चिकटवल्या, वायरी लावल्या, आणि यंत्राचं बटण दाबलं. पडद्यावर रेघ उसळली. त्यांनी वायर खाली सरकवली. रेघ पुन्हा उसळली. तळहातापाशी आले तरी ती उसळतच होती. डॉक्टर खूश झाले. त्यांनी स्वतःच्या टाक्यांचं थोडं कौतुक केलं, तो त्यांचा हक्कच होता, आणि म्हणाले की इतकी सुरेख वाढ त्यांनी क्वचित पाहिली. यांना मुंग्या तर केव्हाच्या मनगटापर्यंत जाणवत असणार.

धाकटीने थोरलीकडे एकदाच पाहिलं. मग ती डॉक्टरांना नीट धन्यवाद म्हणाली, पर्स उचलली आणि रस्त्याने घरापर्यंत दहा पावलं पुढे चालत राहिली. कारखान्याचं दार लावून घेतल्यावर ती टेबलाच्या पलीकडे उभी राहिली.

"मला शिक्षाच द्यायची होती तर तोंडाने द्यायची ना, ताई. दर रविवारी हात पुढे करून काय देत होतीस?"

थोरलीला वाटलं होतं ती ओरडेल. ती अगदी हळू बोलली. थोरलीने स्टूल ओढलं, बसली, आणि दोन्ही हात टेबलावर शेजारीशेजारी ठेवले, डावा सुजलेला आणि उजवा अर्धा.

"बघ नीट," ती म्हणाली. "तुला शिक्षा कशाला देऊ? तू मला तीन बोटं दिलीस, बारके. ती परत करायची माझी तयारी नव्हती, एवढंच."

मग तिने सगळं सांगितलं. रबरी मोजा, डॉक्टरीणबाई, निरोप्या आणि रॉकेल, सगळं. धाकटी ऐकत राहिली. तिने थोरलीची तीन बोटं एकेक करून दाबली, मग शेजारची दोन दाबली, थोरली कळवळली, आणि तेव्हा धाकटीच्या घशातून असा काही आवाज निघाला की तो हुंदका होता की हसू, ते दोघींनाही कळलं नाही. म्हणजे मी तुझं भलंच केलं म्हण की, असं ती डोळे पुसत म्हणाली. थोरली म्हणाली, ते कबूल केलं तर तू आता डोक्यावर बसशील. बऱ्याच महिन्यांनी त्या दोघी पोटभर जेवल्या आणि 'तो प्रकार'ही बोलण्यात निघाला.

धाकटीच्या मनावरचं ओझं उतरलं ते अगदी दिसण्यासारखं उतरलं. ती झाळताना पुन्हा गुणगुणायला लागली. वाचनालयाची खिडकी तिने स्वतःहून पुढे ओढली. थोरलीला वाटलं, हे आधीच करायला हवं होतं. आपण एवढी हुशार, आणि एवढं साधं कळलं नाही.

नस तळहातातून बोटांत शिरली. पहिल्यांदा अंगठ्याच्या टोकाला काचेचा गारवा कळला तेव्हा थोरलीने डोळे मिटून घेतले. गारवा छान होता, खोटं कशाला बोला. पण तो एकटा आला नव्हता. काही दिवसांत मधल्या बोटाचं पेर आतून धगधगायला लागलं. मग शेजारचं. मग अंगठ्याचा बुंधा. रोज सकाळी ती हात उजेडात धरायची आणि रोज एखादी सुरकुती सुजेत भरून नाहीशी झालेली असायची. गेले वर्षभर ज्याच्या चाहुलीने तिची झोप उडाली होती तो आता घरात येऊन बसला होता, आणि आपल्या जुन्या जागा त्याला बिनचूक आठवत होत्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या, एक इंजेक्शन सुरू केलं, वेळ लागेल म्हणाल्या.

धाकटी तिची सेवा करायची आणि प्रश्न विचारायची. सूज उतरायला किती दिवस लागले होते गं? सगळी एकदम उतरली की एकेक बोट? कापलं तेव्हा फार दुखलं का, की कळलंच नाही? बोटं बधिर असताना झाळायची पट्टी धरता आली असती का? थोरली सगळं सांगायची. आपल्या दुखण्याची कुणी इतकी विचारपूस केली की माणूस सुखावतो. ती हात शेकून घ्यायची आणि सांगत बसायची, आणि धाकटी मान डोलावत ऐकायची. एखादी गोष्ट पाठ करताना डोलावतात, तशी.

मग एका सकाळी थोरली नेहमीपेक्षा लवकर खाली आली. धाकटी पाठमोरी उभी होती आणि डबा उघडत होती. डबा तिने पोटाशी धरला होता आणि झाकण बोटांनी न फिरवता दोन्ही मनगटांनी दाबून फिरवत होती. थोरली दारातच थांबली. आई अशीच डबा उघडायची. आपणही असाच उघडतो. धाकटीने झाकण काढलं, हात झटकले आणि बोटं एकेक करून ओढली आणि हात काखेत धरून ऊब दिली. मग टेबलापाशी गेली आणि शिशाची पट्टी कापायची कैची उचलली, मुठीत.

थोरलीला गेल्या महिन्यातलं सगळं भराभर दिसायला लागलं. धाकटी अलीकडे शर्टाची बटणं लावत नव्हती, डोक्यावरून घालायचे कपडे घालत होती. अंगठी दिसत नव्हती. सकाळचा चहा ती कपात न घेता पेल्यात, दोन तळव्यांच्या मध्ये धरून प्यायची. आपल्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि आपण आपलीच बोटं कुरवाळत बसलो होतो. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते भय अजून संधिवातापुरतंच होतं. संधिवात ठाऊक होता. तो आला तर डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत, आणि लवकर धरला तर तो पुष्कळ आवरतो असं बाई दरवेळी म्हणतात.

"कधीपासून?" तिने विचारलं.

धाकटी दचकली, मग हसली. "झाले थोडे दिवस. तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही." तिने कैची खाली ठेवली आणि स्टूल ओढून बसली. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. तिने डावी बाही वर सरकवली, हात टेबलावर उताणा ठेवला, आणि बाजार कुठे आहे विचारावं इतक्या साध्या सुरात म्हणाली, "ताई, तुला नक्की कुठे कापलं होतं? नस वरच लागली होती की खोल?"

"कशाला विचारतेस?"

"असंच. मी झाळणारी. डाव्या हाताने तर मी नुसती पट्टी धरते, ती बधिर बोटांनीही धरता येते. तूच म्हणालीस."

थोरलीची नजर खिडकीकडे वळली. खिडकीखाली काचेचे तुकडे टाकायचा डबा होता, भरलेला. समोर धाकटीचा हात होता, गोरा, आतल्या बाजूने निळसर. तिला समजावावं, बधिर सांध्याचा भुगा होतो हे डॉक्टरीणबाईंचं बोलणं ऐकवावं, असं थोरलीला क्षणभर वाटलं. पण ते तिने आधीच ऐकवलं होतं, आणि ऐकवताना आपली न झिजलेली सुंदर तीन बोटं तिच्यासमोर नाचवली होती. धाकटीने एकदा मनात घेतलं की ती कुणाचं ऐकत नाही. लग्नही तिने असंच केलं होतं आणि मोडलंही असंच. शब्दाने ती थांबणार नव्हती. ज्याच्या भरवशावर ती हे ठरवत होती, तेच काढून घ्यायला हवं होतं.

"मी तुला खोटं सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

"काय?"

"बोटं निजली वगैरे काही नव्हतं. हात लुळा पडला, वापर थांबला, मांस झडलं, म्हणून ती बारीक दिसायची. आतून ठणकत होतीच. तू खंगत चाललीस ते बघवेना, म्हणून एक गोष्ट रचली आणि सांगितली."

"आणि डॉक्टरीणबाई जे म्हणाल्या..."

"त्या तसलं काही म्हणाल्या नाहीत."

"मग रविवारी मुंग्या लपवत होतीस, त्या कशासाठी?"

हा प्रश्न येणार हे थोरलीला माहीत होतं, आणि त्याचं एकच उत्तर धाकटीला पटेल हेही. ते तिने याआधी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. आता आणलं, आणि तोंडातून बाहेर पडताना ते इतकं सरळ पडलं की तिचं तिलाच भय वाटलं.

"तुला शिक्षा द्यायची होती म्हणून. तू म्हणालीस ना त्या दिवशी, ते बरोबरच होतं. सोड म्हणायच्या आत तू सोडलंस आणि माझा हात घालवलास. ते मी विसरलेले नाही."

मग धाकटीने बाही हळूहळू मनगटापर्यंत खाली ओढली. ती रडली नाही. तिने विचारलं, आता मी काय करायचं, आणि थोरली म्हणाली, कपडे बदल, आजच डॉक्टरांकडे जायचं, तुझ्या हातांना लवकर औषध मिळालं तर माझ्यासारखी गत होणार नाही. धाकटी उठून वर गेली. थोरलीने तेवढ्यात तुकड्यांचा डबा दोन्ही हातांत उचलला, बोटांतून कळा मस्तकात गेल्या तरी उचलला, आणि गल्लीच्या टोकाला नेऊन कचऱ्यात ओतून आली. परत आल्यावर तिने खोलीभर नजर फिरवली. घोड्यांवर उभ्या काचाच काचा होत्या. काचेच्या कारखान्यात काच कुठे कुठे लपवणार.

दवाखान्यात गर्दी नव्हती. थोरली भिंतीशी बसली आणि धाकटी मध्ये एक खुर्ची सोडून बसली. लहानपणापासून दोघी कुठेही गेल्या तरी एकमेकींना चिकटून बसायच्या. आई चिडवायची त्यावरून. थोरलीने पर्स मधल्या खुर्चीवर ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. धाकटीने अंगात पूर्ण बाह्यांचा झगा घातला होता आणि हात काखेत दडवले होते. थोरली त्या बाह्यांकडे बघत होती. मनात ती आत गेल्यावरचं बोलणं जुळवत होती, डॉक्टरीणबाईंना डोळ्यांनी कसं खुणवायचं, विषय आपल्या बोटांकडे वळला तर कसा तोडायचा.

आतून धाकटीला हाक आली. थोरलीही उठायला लागली.

"तू बस," धाकटी म्हणाली. ती रागात नव्हती. थकली होती फक्त. "मी एकटी जाते. तू आधी एक सांगितलंस, आता दुसरं सांगतेस. बोटं खरंच निजली होती का, ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

ती चालायला लागली. थोरलीने खुर्चीच्या दोन्ही हातांवर पंजे टेकले आणि जोर दिला. उजव्या पंजाच्या तिन्ही बोटांतून आगीचा लोळ उठला, बोटं वळेनात, लाकडाला धरेनात, आणि ती अर्धी उठलेली पुन्हा खाली बसली. तिने धाकटीला हाक मारली. तोवर दार लागलं होतं.